माझ्या गाडीला हात लावायचा नाही!

आमच्या मोटरसायकलला माझ्याशिवाय घरातलं कुणीही हात लावत नव्हतं. त्यामुळे ती बिघडली की दोष नेमका कुणाचा, हे शोधायला मला फार वेळ लागायचा.

यंदा ती बिघडली ती बरोबर मुहूर्त साधून. माझ्या पोरीचा, मयूरीचा, दौंडच्या एका नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. सगळे मूळ कागद घेऊन शुक्रवारी चारच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा वेटिंगवाल्या पोरीला! पोरीनं दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला होता त्या जागेसाठी. आणि गुरुवारी सकाळी आमच्या गाडीनं अंगणात दोन आचके दिले, एक ढेकर दिला आणि ती गप झाली.

"कुणी हात लावला गाडीला?" मी ओरडलो.

(माझा आवाज आमच्या कवठे येमाईत पार येमाईच्या देवळापर्यंत जातो. घरात मात्र कुणी मान वर करत नाही.)

"आबा, तुम्ही नेलती का?" आबा म्हणजे माझे वडील. पडवीत तंबाखू मळत बसले होते.

"मला लायसन न्हाई, गुडघं न्हाईत आन् किक मारायचा दम न्हाई. मी कशाला नेतोय?"

"मग सुरेखा, तू?"

"मी?" बायकोनं भाजी निवडता निवडता विचारलं. "मागं एकदा तिच्यावर टॉवेल वाळत घातला, तर तुम्ही दोन दिवस बोलला नव्हता."

(दीड दिवस. आणि टॉवेल ओला होता!)

म्हणजे चोर बाहेरचा. आणि तो मला लगेच सापडला. बुधवारी मी फवारणीच्या पंपासाठी शिरूरच्या पेट्रोल पंपावरून कॅन भरून पेट्रोल आणलं होतं, त्यातलंच थोडं संध्याकाळी गाडीत ओतलं. ओतलं आणि सकाळी गाडी बंद! यात न समजण्यासारखं काय आहे?

"भेसळ!" मी जाहीर केलं. "पाणी घालत्यात मेले पेट्रोलात!"

"अहो, मग उद्या एसटीनं जावा की दोघं."

एसटीनं! दारात गाडी असताना! माझं टाळकंच सरकलं. "गाडी मी स्वतः उघडणार," मी म्हणालो, "आन् उद्या पोरीला गाडीवरच नेणार."

आता इथं माझ्याविषयी एक सांगितलं पाहिजे. ठिबकचा फिल्टर साफ करण्यात आख्ख्या गावात माझा हात कुणी धरणार नाही. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आठवडाभर आंबवून आम्ही जीवामृत करतो आणि ते ठिबकमधून टोमॅटोला सोडतो. ते दोनदा गाळलं नाही तर नळ्यांची भोकं बुजतात. हे मी शेजारच्या रानातल्या बाळूला बांधावर उभं करून, शिव्या देत शिकवलेलं आहे. "आरं, नुसता फिल्टर धुऊन काय करतोस? वरची टाकी कोण धुणार, तुझा सासरा?" असं चारचौघांत बोललो होतो त्याला. मग ठिबकचं एवढं कळणाऱ्या माणसाला एक कार्ब्युरेटर कळू नये? तिकडं पाण्याऐवजी पेट्रोल, एवढाच काय तो फरक!

अंगणात पोतं अंथरलं. सुरेखाचं तूप कढवायचं पातेलं घेतलं. (विचारून घ्यायला वेळ नव्हता.) कार्ब्युरेटर खोलून त्यात रॉकेलमध्ये बुडवला. त्याच्या जेटचं बारीक भोक बुजलं होतं, ते कोरायला तिच्या शिलाई मशीनची सुई घेतली. ती मोडली. दुसरी घेतली. पातेल्याच्या तळाशी पिवळट गाळ बसला, तो मी सगळ्यांना फिरवून दाखवला. "बघा! ही पंपवाल्याची करणी!" दुपारपर्यंत सगळं परत जोडलं.

"दिल्या, ह्ये दोन इस्क्रू उरल्यात," आबा म्हणाले.

"कंपनी जादाचे देती!"

"आन् ही स्प्रिंग?"

"ती बी जादाचीच!"

अठ्ठावीस किका मारल्या आणि गाडी सुरू झाली. मी सुरेखाकडं असं बघितलं की तिनं पातेल्याचा विषयच काढला नाही. म्हणजे त्या दिवशी तरी नाही.

शुक्रवारी दहाला निघालो. मागं मयूरी, तिच्या छातीशी कागदांची फाईल. मलठणच्या अलीकडं गाडीनं आचका दिला आणि बंद! मी कार्ब्युरेटरवर पाना हाणला. चालू! दोन किलोमीटर गेलो, परत बंद. परत पाना.

"पप्पा, मागून एसटी येतीय. हात करू का?"

"काही गरज न्हाई! बस गप!"

एसटी गेली. खिडकीतून गावातल्या दोन बायांनी आम्हाला टाटा केला. मी दात-ओठ खात पाना हाणला. असं ठोकत, ढकलत शिरूर गाठेपर्यंत साडेबारा वाजले. माझा शर्ट घामानं भिजला होता आणि मयूरी दर पाच मिनिटांनी मोबाईलवर वेळ बघत होती. बोलत काही नव्हती, त्याचाच मला जास्त राग येत होता.

एसटी स्टँडाजवळ गुलाबमामांचं गॅरेज आहे. मामा शांत माणूस. त्यांनी टाकीखालची पेट्रोलची नळी काढली आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं पेट्रोल सोडलं. वर पेट्रोल, खाली तांबूस पाणी आणि त्यात तरंगणारे पिवळे गोळे! मामांनी बाटली हुंगली, मग माझ्याकडं बघितलं.

"दिलीपराव, पेट्रोलला शेणाचा वास कसा काय येतोय?"

"शेण घातलं पंपवाल्यानं!"

"शेण? पंपवाल्यानं?"

"आजकाल लोक कायबी करत्यात मामा!"

"बरं. पर तुम्ही घरी नुसता कार्ब्युरेटर धुतलात. टाकी कोण धुणार?"

हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. पण विचार करायला सवड कुणाला होती? मी बाटली उचलली.

"पप्पा, पावणेएक झालाय," मयूरी म्हणाली. "दौंडला जायला दीड तास तरी लागंल."

"दोनच मिनिटं! तुझ्या शिक्षणाचा प्रश्न हाय!" असं म्हणून मी पोरीला तिथंच सोडून तिच्या शिक्षणासाठी भांडायला पंपावर गेलो.

पंपावर मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. बाटली उंच धरली. "पेट्रोलात शेण! पोरीचं नुकसान झालं तर एकेकाला बघून घेईन!" बघता बघता गर्दी जमली. टेम्पोवाले, दूधवाले सगळे माझ्या बाजूनं. "बरोबर हाय दादांचं!" "सोडू नका आज!" आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझ्याशी सहमत होती. मला आणखी चेव आला.

पंपाच्या मॅनेजर बाईंनी एक कागद आणला, त्यावर पंपातल्या पेट्रोलचे दोन थेंब टाकले. थेंब उडून गेले. कागद कोरा.

"बघा, डाग न्हाई. तुम्ही नेलं कशातून?"

"कॅनमधून. कॅन नवा कोरा!"

"आन् कॅनमधून टाकीत कसं ओतलं?"

"नरसाळ्यातून! चांगलं स्वच्छ नरसाळं हाय आमचं! थांबा, दाखवतोच तुम्हाला. ऐका सगळ्यांनी!"

मी भर गर्दीत आबांना व्हिडिओ कॉल लावला, स्पीकर मोठा करून. आधी आबांचा कान दिसला, मग पडवीचं छत, मग आबा.

"आबा, गोठ्याच्या भिंतीला पेट्रोलचं नरसाळं टांगलंय. जरा दाखवा हितल्या लोकांना."

"पेट्रोलचं? हितं तर एकच नरसाळं हाय."

"तेच ते!"

"आरं, ह्ये तर जीवामृताचं! परवा सकाळी तूच ठिबकच्या टाकीत ओतलंस की ह्यातनं. आन् न धुता टांगलंस. ह्ये बघ, बेसन अजून चिकाटलंय." आबांनी नखानं खरवडलं आणि सगळ्या पंपासमोर ते हुंगलं. "वास बी तोच हाय."

मग मागून एक टेम्पोवाला म्हणाला, "दादा, ह्याच्यावर ॲव्हरेज किती देती गाडी?"

आणि त्या हसण्यातून एक ओळखीचा आवाज आला. बाळू! शिरूरला दूध घालायला आला होता. "दिलीपभाऊ," तो म्हणाला, "जीवामृत दोनदा गाळून घ्यायचं असतंय."

मी बाटली पाठीमागं लपवली आणि काढता पाय घेतला. गॅरेजात आलो तर मयूरी नाही!

"मामा, पोरगी कुठाय?"

"सव्वाच्या एसटीनं गेली दौंडला. म्हणली, पप्पांचं भांडण सावकाश होऊ द्या."

खरं सांगतो, तेव्हा माझा राग पार उतरला. ती माझी वाट बघत बसली असती तर? माझ्या तोऱ्यापायी पोरीची दोन वर्षं मातीत गेली असती, आणि मी मात्र जन्मभर पंपवाल्याच्या नावानं बोटं मोडत बसलो असतो. मी उलट्या बादलीवर बसून राहिलो. मामांनी टाकी उतरवली, तीन वेळा खळबळून धुतली, कार्ब्युरेटर परत खोलला. "ह्यातले दोन इस्क्रू आन् एक स्प्रिंग कुठाय?" त्यांनी विचारलं. मी रस्त्याकडं बघत बसलो.

साडेतीनला फोन वाजला.

"पप्पा, झाली ॲडमिशन. तुमची गाडी झाली का?"

डोळ्यांत पाणी आलं. (पेट्रोलची वाफ डोळ्याला झोंबते. मामांना मी तसंच सांगितलं.)

आता आमच्या मोटरसायकलला घरात कुणीही हात लावतं. सुरेखा तिच्यावर टॉवेल वाळत घालते, ओला. आबा सीटवर बसून तंबाखू मळतात. मयूरी सुट्टीला आली की गावभर फिरवते. टाकीच्या झाकणाची किल्ली सुरेखाच्या कमरेला असते. पेट्रोल घालायचं झालं की मी तिच्यासमोर जाऊन उभा राहतो, आणि आधी हात धुऊन दाखवतो, दोन्ही बाजूंनी!