बांधावरचा शेंदूर

कारगिलची लढाई संपल्ती. पाकिस्तानच्या दोस्तानंच त्याला मागं सरायला लावलं म्हणे. तरी 'डोंगर आमचाच' हे त्याचं टुमणं चालूच, मंग माझ्या फौजी नवऱ्याला सुट्टी कुठली! इकडं थोरल्या दिरानं बांधाचा दगड आमच्या वावरात सरकवला. त्याचा बैल एकच, जोडीचा दुसरा शेजाऱ्याचा, म्हणून शेजारी त्याच्याच बाजूचा.

दीर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेल्ता. मी लेकराला झोळीत टाकलं, दगड लोटत जुन्या जागी आणला अन् शेंदूर फासला.

दुसऱ्या दिवशी दीर नांगर घालायला आला, तं शेजाऱ्यानं बांधावर हातच जोडले. "देवावर नांगर? माझा बैल न्हाई मिळायचा, दादा."

"आरं, दगड हाय त्यो!" दीर ओरडला.

"मंग तूच लाथ मार की."

दिराचा पाय उचलंना. पाकिस्तानसारखा त्याचाबी दोस्त फिरला. मला लई गार वाटलं. म्हणलं, "भाऊजी, नारळ आणू का फोडायला?"