खालचा कप्पा

माझी लेक दोन वर्षांची होती तेव्हा तिला दुपारपर्यंत मी सांभाळायचो, आणि चांगलं सांभाळायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हा कुणी ते मानायला तयार नव्हतं. बायकोची नोकरी सकाळची, माझी हाटकेश भागातल्या एका पॅकिंग युनिटमध्ये दुसरी पाळी. दुपारी ती घरात शिरायची आणि मी चप्पल घालायचो. तोवर जेसल पार्कच्या आमच्या वन रूम किचनमध्ये बापलेक दोघंच. दार उघडं दिसलं की समोरच्या गुजराती बेन म्हणायच्या, "भैया, टीवी लगा दो ना, बैठी रहेगी." मला नेमकं तेच नको होतं. नुसतं बसून राहायला ती काय कुंडी होती?

विकतची खेळणी तिने केव्हाच टाकून दिली होती. तिला हवं होतं माझं काम. मग मी तेच देऊन टाकलं. कणीक मळताना एक गोळा तिचा, मटार सोलताना टरफलं तिची, डबे घासले की झाकणं तिची. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, हे तिला बायकोपेक्षा पक्कं ठाऊक झालं. यात अतिशयोक्ती असेल तर थोडीच.

सगळ्यात लाडकं काम कपड्यांचं. वाळलेले कपडे मी काढायचो, ती चिमटे डब्यात टाकायची. मग फरशीवर बसून वाटणी.

"हे कुणाचं?"

"बाबाचं."

"आणि हे?"

"आईचं."

स्वतःचा फ्रॉक हाती लागला की "माझं" म्हणत कपाटाकडे पळायची आणि खालच्या कप्प्यात कोंबायची. घडीबिडी काही नाही. पण कप्पा तिचा होता, मी हात लावायचो नाही.

अशात माणगावहून सासूबाई आल्या, त्या नातीला न्यायलाच. शाळेत घालेपर्यंत तिला गावी ठेवायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. जावयाने पोरीला न्हाऊमाखू घालावं, भरवावं, हे त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. पण जावयाला तोंडावर बोलायचं कसं? म्हणून जे काही असेल ते माझ्या देखत लेकीला सांगायच्या. "पुरुषमाणसाला काय कळतंय गो त्यातलं? पोर नुसती कंटाळत असेल." बायको दमलेली. ती हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. मी आतून पार हबकलो होतो. पोरगी गेली तर त्या घरात दुपारपर्यंत मी करायचं काय? आणि भांडायचं तरी कुणाशी, त्या तर माझ्याशी बोलतच नव्हत्या.

रविवारी दुपारी त्यांनी पिशवी भरली. खाली स्वतःची पातळं, वर नातीचे कपडे. मी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात तोंड लपवून उभा होतो. बाहेर अगदी सामसूम झाली. आमची पोरगी गप्प म्हणजे काहीतरी उद्योग चाललाय, म्हणून डोकावलो.

तिने पिशवी रिकामी केली होती आणि वाटणी सुरू होती. एक पातळ ओढत नेऊन तिने आजीच्या मांडीवर ठेवलं. "आजीचं." मग फ्रॉक सापडला. "माझं." धावत कपाटाकडे, खालच्या कप्प्यात. परत आली, दुसरा उचलला, पुन्हा कपाट. सासूबाईंनी एक फ्रॉक हळूच पिशवीत घातला. तिने तो बाहेर काढला, आजीला बोटाने कप्पा दाखवला आणि नेऊन ठेवला. रडणं नाही, हट्ट नाही. आजीला येत नाही तर शिकवावं, एवढाच भाव. मागे चहा उतू जात होता आणि मी दारात छाती फुगवून उभा होतो. बायको माझ्याकडे बघून हसत होती, डोळे पुसत.

शेवटचा फ्रॉक उरला. सासूबाईंनी तो उचलला, मांडीवर त्याची नीट घडी घातली आणि तो नातीच्या हातात दिला.

"घे गो बाय, तुझ्या कप्प्यात ठेव."

मग माझ्याकडे वळून, आल्यापासून पहिल्यांदाच थेट मला म्हणाल्या, "जावईबापू, उद्या मला एकटीलाच गाडीत बसवून द्या."