आधी चप्पल

ओहायोतल्या आमच्या अंगणात एक केसाळ सुरवंट पायवाट ओलांडत होता. दोन्ही टोकांना काळा, मधे तांबूस. कोकणातून राहायला आलेल्या आईने पायातली चप्पल काढली आणि त्याचा पार चेंदामेंदा होईपर्यंत हाणली. फरशीवर हिरवट ओल पसरली.

"आई, याने खाज सुटत नाही गं. हा थंडीत दगडासारखा गोठतो आणि वसंतात पुन्हा जागा होऊन पिवळा पतंग होतो."

"आपल्याकडे आधी चप्पल, मग चौकशी."

बर्फाला पुरून उरणारा जीव आमच्या गावच्या भीतीपुढे टिकला नाही. भीती सामानात भरावी लागत नाही, ती माणसाबरोबर येतेच.

आईने गवतावर चप्पल पुसली आणि ती मनगट कराकरा खाजवू लागली. तिने त्याला हात लावलाच नव्हता.