बत्तीस कोरे गोल

कृष्णात घार्गे डॉक्टर नव्हता, आणि हे गावात कुणाला पटतच नव्हतं.

औंधच्या यमाईचा डोंगर लांबून दिसावा एवढ्या अंतरावरचं त्याचं गाव. घरटी एक फौजी. त्यातला कृष्णात मेडिकलचा फौजी, म्हणजे नर्सिंग असिस्टंट. जखमा बांधायच्या, सलाईन लावायचं, साहेब सांगतील ते इंजेक्शन साहेब सांगतील तेवढंच द्यायचं. पण सुट्टीवर आला की अंगणात ही रांग लागायची. कुणाची कंबर, कुणाचा खोकला, कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत. त्याची आई साळूबाई पाणी देता देता सगळ्यांना ऐकवायची, "माझा किस्ना मिलिटरीत डाक्टर हाय." तो लाजेनं अर्धा व्हायचा. "आई, डाक्टर न्हवं गं मी," म्हणायचा. "मग सुया काय गोधडी शिवायला टोचतोस व्हय?" असं आईचं उत्तर ठरलेलं.

खरं सांगायचं तर लाजेच्या खाली एक सल होता. सतरा वर्षं त्याच्या हातांना सगळं येत होतं, पण का करायचं ते डोक्याला ठाऊक नव्हतं. एकदा बर्फातल्या चौकीवर एका पोराचा श्वास अडला. डॉक्टरसाहेब चौदा किलोमीटर खाली, वायरलेसवर. ते सांगत गेले, हा करत गेला, पोरगं वाचलं. सगळ्यांनी कृष्णातची पाठ थोपटली. त्याला मात्र आठवडाभर एकच वाटत राहिलं, की वायरलेस बंद पडला असता तर मी काय केलं असतं?

छत्तिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन तो घरी आला तेव्हा साखर कारखान्याच्या गेटवरची सुरक्षारक्षकाची जागा त्याच्यासाठी जवळजवळ धरूनच ठेवली होती. खाकी जाऊन निळा गणवेश, बंदूक जाऊन काठी, एवढाच फरक. त्याच सुमारास त्याला कळलं, की डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे नीटला, आता वयाची वरची अट राहिलेली नाही. बारावी सायन्स त्याची झालेलीच होती, त्याशिवाय फौजेनं त्याला मेडिकलला घेतलंच नसतं. त्यानं बायकोला सांगितलं.

क्रांती म्हशीची धार काढत होती. तिनं धार थांबवली नाही. चरवी भरल्यावर उठली आणि म्हणाली, "दोन वर्सं. दोन डाव परीक्षा. न्हाई झालं तर मुकाट गेटवर हुबं ऱ्हायचं. तिसरं वरीस मागायचं न्हाई."

"मंजूर," कृष्णात म्हणाला. दोन शब्द जास्त बोलून ठरलेला सौदा बिघडवायचा नाही, एवढी अक्कल फौजेनं त्याला दिली होती.

सांगलीला विश्रामबागेत त्यानं खोली घेतली आणि एका क्लासला नाव घातलं. वर्गात साठ पोरं, सगळी सतरा-अठराची. पहिल्या दिवशी तो आत शिरला तर पोरं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं नवे सर आले. आणि फिजिक्सच्या मॅडम आल्या तेव्हा हा एकटा खाडकन उठला, टाचा जुळवून. मॅडम म्हणजे ब्राह्मी मगदूम, वय सव्वीस. "काका, बसा ना," ती कानकोंडी होऊन म्हणाली. काका बसले. दुसऱ्या दिवशी परत उठले. आठवडाभरानं तिनं नाद सोडला.

पोरगी हुशार होती आणि शिकवण्यात पक्की. घरचं जैन वळण, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, त्यामुळे शंका विचारायला ती साडेचारला बसायची आणि सव्वापाचला उठायची. त्या पाऊण तासात कृष्णातनं तिचा पिच्छा पुरवला. शाळा सुटून अठरा वर्षं झालेली. फिजिक्स म्हणजे त्याला अनोळखी मुलुखातली गस्त. पण पहाटे चारला उठायची सवय होती, आणि पाठांतराला तो वाघ होता. जीवशास्त्र तर त्यानं असं घोटलं, की पोरं त्याच्याकडे विचारायला यायला लागली. सहा महिन्यांत तो वर्गात पहिल्या पंधरांत आला.

पण सराव परीक्षेत त्याचे गुण काही केल्या चढेनात.

ब्राह्मीनं एकदा त्याच्या उत्तरपत्रिका समोर पसरल्या. एकशे ऐंशी प्रश्न, प्रत्येकाला चार गोल, त्यातला एक काळा करायचा. बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक कापला जातो, आणि सोडून दिलं तर काहीच नाही. सगळ्या पोरांच्या पत्रिकांत वीस-तीस प्रश्न कोरे. कृष्णातच्या एकाही पत्रिकेत एकही कोरा नाही.

"काका, हा चौऱ्याण्णवावा. हे येत होतं तुम्हाला?"

"न्हाई."

"मग भरला कशाला?"

कृष्णातनं मान खाली घातली. मग त्यानं तिला त्याच्या उस्तादाची गोष्ट सांगितली. ट्रेनिंगला असताना उस्ताद ओळीतून फिरायचा आणि कुणाच्याही छातीवर बोट ठेवून प्रश्न विचारायचा. चुकीचं उत्तर दिलं तर दोन शिव्या आणि बरोबर उत्तर मिळायचं. पण "मालूम नहीं" म्हटलं, की भर उन्हात खडीवर कोलांट्या. "जवान, मालूम नहीं नाम की कोई दवा नहीं होती!" असं तो ओरडायचा. पाठीची सालं निघाली तेव्हा कृष्णातनं एक शिकून घेतलं, की बोट छातीवर आलं की काहीतरी बोलायचं. मग सतरा वर्षांत तो कधी गप्प राहिला नाही.

"ती खडी केव्हाच मागं राहिली हो," ब्राह्मी म्हणाली. "इथं कोरं सोडायला कुणी शिक्षा करत नाही."

"डोक्याला कळतं मॅडम. हात ऐकत न्हाई."

आणि हातानं खरंच ऐकलं नाही. पहिल्या वर्षी मे महिन्यात सांगलीतल्या केंद्रावर तो गेला. गेटवर वीरधवल नावाचा सुरक्षारक्षक होता, पांढऱ्या मिशा, तोही माजी फौजीच. त्यानं काठी आडवी धरली. "पालकांनी भाईर थांबायचं." कृष्णातनं प्रवेशपत्र दाखवलं. वीरधवलनं आधी फोटो बघितला, मग माणूस बघितला, मग परत फोटो. "आईच्यान्!" एवढंच म्हणाला आणि काठी बाजूला घेतली. वर पॉलिश केलेले बूट काढायला लावले ते वेगळंच, कारण परीक्षेला चप्पल घालून यायचा नियम होता आणि फौजीच्या डोक्यात परीक्षा म्हणजे बूट. अनवाणी बसून त्यानं एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी गोल काळे केले. एकशे अकरा बरोबर, एकोणसत्तर चूक. तीनशे पंचाहत्तर गुण. ब्राह्मीच्या अंदाजानं सरकारी कॉलेजला पाचशेच्या बऱ्यापैकी पुढं पाहिजे होते.

एक डाव संपला. तो सांगलीला परत निघाला तेव्हा पिशवीत चटणीचा डबा ठेवताना क्रांती म्हणाली, "एक ऱ्हायलाय. नीट खेळा."

त्या हिवाळ्यात एका रविवारी तो रहिमतपूरला गाडीतून उतरून घरी आला होता. सकाळी शेजारच्या रंगूबाईला तिची लेक हाताला धरून घेऊन आली. रंगूबाई साठीची, आयुष्यभर कुणाला हार न गेलेली बाई. "किस्ना, पित्त लय खवळलंय बग. काल गोडंतेल जास्त झालं. एक इंजक्शन टोच, की जाते खुरपायला."

अंगणात दहा माणसं बसलेली. सगळ्यांची नजर त्याच्यावर. आणि कृष्णातच्या छातीवर परत ते बोट येऊन टेकलं.

पित्त म्हणणं सोपं होतं. जळजळ होती, ढेकर येत होते, रात्रीचं जेवण तेलकट होतं. पित्ताचं इंजेक्शन पेटीत होतं. शब्द जिभेवर आला. पण थंडीचे दिवस, माणसं घोंगड्या पांघरून बसलेली, आणि रंगूबाईच्या कपाळावर घाम. डावा हात ती सारखी दाबत होती.

"काकू," तो म्हणाला, "मला ठाऊक न्हाई."

त्याच्या स्वतःच्याही कानांना ते शब्द परके वाटले. पाठीला जुनी खडी टोचली. पण जगबुडी झाली नाही. त्यानं पुढचं सांगितलं, "पित्त असंल, न्हाईतर काळीज असंल. बघून सांगायला मशीन पायजे आनि खरा डाक्टर पायजे. जीप काढा. आत्ता."

एक ॲस्पिरिनची गोळी त्यानं तिला चघळायला दिली, कारण तेवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. इंजेक्शनची पेटी उघडलीच नाही. जीपमध्ये स्वतः शेजारी बसला. मागं अंगणात कोणीतरी बोललंच, "सतरा वर्सं मिलिटरीत काय केलं गड्या ह्यानं? म्हातारीचं साधं पित्त कळंना!"

कराडच्या दवाखान्यात काळजाच्या ठोक्यांची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. हृदयविकाराचा झटका होता. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "कुणी आणलं? वेळेवर आणलंत. पित्त समजून घरी ठेवलं असतं तर संध्याकाळ दिसली नसती." कृष्णात भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याला रडू आलं. आनंदाचं होतं, भीतीचंही होतं. शब्द अगदी जिभेवर आला होता.

सोमवारी साडेचारला त्यानं ब्राह्मीला सगळं सांगितलं.

"मी वर्षभर दुसरं काय सांगतेय, काका?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हातात खडू होता, म्हणून तिनं ते बाहीनं पुसले. "जेवढं पक्कं, तेवढंच भरायचं. बाकीचं ज्याला येतं त्याच्यासाठी सोडायचं."

त्या आठवड्याच्या सराव परीक्षेत त्यानं पहिला प्रश्न कोरा सोडला. घाम फुटला. पुढचा सोपा होता तरी दोन मिनिटं नजर मागच्या कोऱ्या गोलांकडेच जात राहिली. मग आणखी एक सोडला. फेब्रुवारीपर्यंत त्याला त्यात मजा यायला लागली. प्रश्न वाचायचा, मनात म्हणायचं, "काकू, मला ठाऊक न्हाई," आणि बिनघोर पुढं जायचं. गुण असे चढले, की क्लासच्या फळ्यावर त्याचं नाव वर वर सरकत गेलं आणि पोरं टाळ्या वाजवायला लागली.

मे महिन्यात केंद्र तेच आलं आणि गेटवर वीरधवलही तोच. "आलास व्हय परत?" कृष्णात पायातली चप्पल दाखवून हसला. वीरधवलनं इकडंतिकडं बघितलं, काठी काखेत घेतली आणि त्याला कडक सलाम ठोकला. "जा, मार मैदान. हितं गेटवर माझी एकट्याची नोकरी बास हाय."

कृष्णात पाच वाजता बाहेर आला तेव्हा त्याच्या पत्रिकेत बत्तीस प्रश्न कोरे होते. त्यानं ते दोनदा मोजले होते आणि त्याला प्रत्येकाचा अभिमान वाटला होता.

निकाल लागला. एकशे अठ्ठेचाळीस भरलेले, त्यातले एकशे छत्तीस बरोबर. पाचशे बत्तीस. क्रांतीनं आकडा ऐकला आणि पहिल्यांदाच धार अर्ध्यात सोडून उठली. म्हैस बिचारी मागं वळून बघत राहिली. पुढं दोन महिने याद्या आणि फेऱ्या, आणि दुसऱ्या यादीत मिरजेच्या सरकारी कॉलेजला नाव लागलं. अडतिसावं संपायला आलं असताना कृष्णात घार्गे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला बसणार होता.

जायच्या आदल्या दिवशी अंगणात नेहमीची माणसं जमली. रंगूबाई सगळ्यांत पुढं, काळजात स्प्रिंग बसवलेली, आणि तीच आता सगळ्यांना दटावत होती, "त्याला काय इचारू नगा. त्याला काय ठाऊक न्हाई, म्हनून तर मी जित्ती हाय."

माणसं पांगल्यावर साळूबाई लेकाजवळ येऊन बसली. तिला सत्तर कधीच उलटून गेली होती. "किस्ना, आता म्हनू का रं तुला डाक्टर?"

"आता न्हाई आई. साडेपाच वर्सं थांब."

साळूबाईनं बोटांच्या पेरांवर वर्षं धरली. बराच वेळ धरली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मी ऱ्हाईन का तवर?"

पूर्वीचा कृष्णात असता तर म्हणाला असता, ऱ्हाशील की, शंभर वर्सं जगशील. उत्तर तयारच होतं, आईला तेवढंच ऐकायचं होतं. त्यानं तिचा हात हातात घेतला. त्यानं नजर खाली केली नाही.

"मला ठाऊक न्हाई, आई."

साळूबाईनं हात सोडवून घेतला आणि गुडघ्यावर जोर देऊन उठली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "ऱ्हाईन मी." आणि सकाळच्या गाडीसाठी दशम्या करायला आत गेली.