कोरडा भाग

खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी बाबा स्कूटर उघडतात. पूजेला गाडी नुसती धुऊन ठेवलेली त्यांना चालत नाही, ती आतूनही साफ झालेली लागते. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मशीनची दुरुस्ती केली. त्या नोकरीसाठीच आम्ही महाराष्ट्रातून भोपाळला, आनंद नगरला आलो. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे मशीन म्हणून उरली ती ही एक बिनगिअरची स्कूटर. लहानपणापासून त्यांच्या हातात पाने-पकडी देण्याचं काम माझं. मला ते आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे.

या वर्षी मात्र त्या रविवारावर बरंच काही अवलंबून होतं. बाबा विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग गॅस, मग एकदा घराची गल्ली. ही सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याहून दादाचा फोन आला की दिवाळीनंतर आईबाबांना तिकडे घेऊन जातो, इथलं घर भाड्याने देऊ. आई तयार होती. मी नोकरीसाठी भोपाळातच, मिसरोदला पेइंग गेस्ट म्हणून राहायचं, असंही ठरत आलं होतं. ते सगळं ऐकून घेतल्यावर बाबांनी ताट बाजूला सारलं.

"खंडेनवमीपर्यंत स्कूटर माझ्या हातून रस्त्यावर आली, तर मी इथून हलणार नाही. नाही आली, तर म्हणाल तिथे येतो."

आईने त्यांच्या ताटात पोळी वाढली. पण ती अट आम्ही तिघांनीही धरून ठेवली.

रविवारी सकाळी व्हरांड्यात पोतं अंथरून आम्ही बसलो. डाव्या बाजूचं लांबट झाकण त्यांनी न अडखळता उघडलं. आत पुढे बेल्ट आणि मागे क्लच, वाटीसारख्या गोल लोखंडी कवचात बसलेला. इंजिनाचा जोर तिथूनच मागच्या चाकाला जातो. त्यांनी वाटी काढली, ब्रशने काळी धूळ झाडली. क्रम कुठे चुकला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी चहा करायला आत गेले.

परत आले तेव्हा ते वाटीच्या आतून बोटाने ग्रीस फिरवत होते.

आठवी-नववीत असताना एकदा मीच हौसेने ग्रीसचा डबा पुढे केला होता. तेव्हा त्यांनी माझा हात मागे केला होता आणि सांगितलं होतं, हा भाग कोरडाच ठेवायचा, इथे क्लचने वाटीला घट्ट धरायचं असतं, ग्रीस लावलं तर घसरेल. मी आता तेच त्यांना विचारलं, इथे कोरडं असतं ना, बाबा? त्यांनी वर पाहिलंही नाही.

"कोरड्या लोखंडावर मी आजवर झाकण लावलेलं नाही."

कारखान्यातलं ते खरं होतं. तिथे ग्रीस न लावता झाकण बंद करणाऱ्याला ते घरी येऊनही शिव्या घालायचे. मी पुन्हा म्हटलं, तर म्हणाले, "पाना दे." मी पाना दिला.

दुपारी स्कूटर फाटकाशी नेली. बटण दाबताच इंजिन सुरू झालं. बाबांनी अॅक्सिलरेटर पिळला, आवाज चढत गेला, आणि स्कूटर जागची हलली नाही. अजून पिळला. ती थोडी थरथरली, बस. समोरचे काका बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, ते म्हणाले, "भाईसाहब, आवाज तो ट्रक की है, चाल बैलगाड़ी की भी नहीं!" एरवी बाबांनी उलट काहीतरी सुनावलं असतं. या वेळी ते खाली वाकून चाकाकडे बघत राहिले.

त्यांनी प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, परत लावला. फरक पडला नाही. मग पेट्रोलची नळी पाहिली. इंजिन तर नीट चालू होतं, म्हणजे बिघाड तिथे नव्हता, पण मी ते म्हटलं नाही. मागचा ब्रेक धरून बसला असेल, असं ते म्हणाले. गाडी स्टँडवर घेऊन मी चाक हाताने फिरवलं, मोकळं फिरलं. इंजिन चालू करून पाहिलं तर चाक आळसावल्यासारखं फिरत होतं. चपलेचा तळवा नुसता टेकवला तरी थांबत होतं. जोर चाकापर्यंत पोचतच नव्हता. तो कुठे अडलाय ते मला माहीत होतं आणि ते त्यांना स्वतःला सापडावं असं वाटत होतं.

ते पुन्हा प्लग काढायला बसले.

"बाबा, प्लग झाला मघाशी."

"कधी?" ते म्हणाले, आणि काढला. घासला. तोच कागद, तीच बाजू. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती. तिचं आणि माझं एकमेकींकडे लक्ष गेलं, आणि ती खिडकीपासून बाजूला झाली.

शेवटी मी म्हटलं की झाकण उघडून बघू या. उघडताच जळक्या ग्रीसचा वास आला. वाटी आतून चिकट काळी झाली होती. बाबांचा चेहरा एकदम बदलला, तो कारखान्यातला झाला.

"कोणी लावलं हे? अक्कल आहे का? इथे ग्रीस लावतात?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी उत्तराची वाट पाहिली, आणि मग त्यांची नजर स्वतःच्या हातावर गेली. नखांत ग्रीस होतं. ते त्यांनी बघितलं, हुंगलं. मग चिंधी घेऊन एकेक बोट सावकाश पुसलं आणि पायरीवर जाऊन बसले.

तिथूनच म्हणाले, "पुण्याला आत्ता थंडी असते का गं?"

वाटी मी पेट्रोलने धुतली, क्लच पॉलिश पेपरने घासला, सगळं कोरडं पुसलं. मधला नट किती कसायचा ते मी मुद्दाम विचारलं. "बघ तूच," ते म्हणाले. तोवर सावल्या फाटकापर्यंत लांबल्या होत्या. झाकण लावून मी स्कूटर सुरू केली आणि ती निघाली. काही न होता निघाली. नाक्यापर्यंत जाऊन परत आले तेव्हा पायरी रिकामी होती.

ते आत पलंगावर बसले होते. चालली, असं मी सांगितलं. आवाज ऐकला म्हणाले. जाण्याची घाई आईला होती, पण विचारलं तिनेच, "मग राहायचं ना इथे? गाडी तर आली रस्त्यावर."

"तिने आणली," बाबा म्हणाले. "माझ्या हातून नाही आली."

खंडेनवमीला त्यांनीच पाटावर पाने मांडले, हळद-कुंकू वाहिलं, स्कूटरच्या हँडलला झेंडूची माळ घातली. ग्रीसचा डबा हातात घेऊन थोडा वेळ थांबले आणि तोही पाटावर ठेवला. पूजेतली हत्यारं त्या दिवशी उचलायची नसतात. दसऱ्याला सकाळी उचलतात, आणि बाबा ती अंघोळीआधीच उचलून पेटीत लावायचे. या दसऱ्याला दुपार झाली तरी पाने पाटावरच होते, झेंडू त्यांना चिकटून सुकला होता.

मग मीच फुलं काढली आणि पाने पेटीत भरायला घेतले. त्यांची ठेवण बाबांची आहे, कशाच्या खाली काय ते त्यांनाच ठाऊक. मी दोनदा सगळं काढून पुन्हा लावलं, तरी पेटीचं झाकण बसेना. बाबा समोरच खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. किंवा नसतं सांगता आलं. मी विचारलं नाही. पेटी तशीच उघडी पलंगाखाली सरकवली.