हात लावायचा तास

माझी साडी बेंबीच्या खाली ओढून मॅडम मुलींना म्हणाल्या, "या. एकेक करून हात लावा."

मी टेबलावर उताणी. सातवा महिना. माजिवड्याच्या त्या नर्सिंग कॉलेजात मी वर्ग झाडायचे, फरशी पुसायचे. मुली मला मावशी म्हणायच्या. त्यातल्या निम्म्या माझ्याहून मोठ्या. गरोदर बाईला कसं तपासायचं, कळांमध्ये कसा धीर द्यायचा, हे त्या शिकत होत्या. शिकायला रबरी पोट होतं. मॅडम म्हणाल्या, "खरं असताना रबर कशाला?"

आठवीत शाळा सुटलेली, हिंगोलीकडची मी. इथं ना ओळख ना पाळख. मॅडमनीच काम दिलं. "तुझं बाळंतपण आपल्याच हॉस्पिटलात करू," असंही म्हणालेल्या. त्या दिवशी बाळकुमच्या खोलीवर जाऊन मी आनंदानं रडलेले. तेवढ्यासाठी पडून राहिले.

थंडगार हात. एकीची नखं टोचली. पडदा नाही. दार सताड उघडं. "अय्या, लाथ मारली! परत मार ना रे!" सगळ्या हसल्या. एकीला बाळाचं डोकं सापडेना. मॅडमनी तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि ओटीपोटात दाबलं. मी कळवळले.

"बघा, ह्या बायका अशाच. जरा दाबलं की नाटकं. लेबर रूममध्ये लाड करू नका, डोक्यावर बसतात."

हात लावून झाला की मुलगी बेसिनवर जायची. साबण लावून खसाखसा धुवायची. लावण्याआधी एकीनंही धुतले नव्हते. ते बघून किळस आली. त्यांची. आणि अशा निमूट पडलेल्या माझीपण.

मान वळवली तर समोर फळा. मॅडमच्याच अक्षरात त्या दिवशीचा धडा. बाईला हात लावण्याआधी तिला विचारा.

मी साडी वर ओढली. उठून बसले.

"अगं ए, अजून चौघी राहिल्यात. झोप."

"मला कुणी विचारलंच नाही, मॅडम."

"तुला काय विचारायचं? कामावर कुणी ठेवलं तुला? विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग झोप गुपचूप."

"नाही."

काम गेलं आणि बाळंतपणाचा शब्दही गेला, हे टेबलावरून उतरतानाच कळलेलं. जिन्यात एक मुलगी मागून धावत आली. "सॉरी हां मावशी. मॅडमपुढे काय बोलणार ना?" मी तिला 'असू दे' म्हटलं नाही. का म्हणू?

मॅडमचे उपकार आहेत. ते मी नाकारत नाही. पण पोट उघडं टाकून ते फेडणार नाही. आता नाव कुठल्या दवाखान्यात घालायचं, ठाऊक नाही. भीती वाटते. पहिलीच खेप, आई लांब. तरी जिथं जाईन तिथं, जो हात माझ्याकडं येईल त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल. न बोलता आला तर ऐन कळांतसुद्धा मी तो झटकून टाकीन.