स्टेशनासाठी गाऱ्हाणं

विनायक गेल्याची बातमी गावात सर्वांत आधी मला कळली. वयनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन पहाटे आला आणि पुण्याला त्यांच्या मुलीलाही मीच कळवलं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण गेली तीन वर्षं विनूच्या बाबतीत मी कशातच पहिला नव्हतो. पहिला नंबर जपानातल्या एका रेल्वे स्टेशनाचा होता...

विनू मसुऱ्यात शाळेत भूगोल शिकवायचा, मी पतसंस्थेत हिशेब तपासतो. आमची घरं एकाच पाणंदीवर. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो, आणि मोठेपणी संध्याकाळचा चहा त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सुपारीच्या बाकड्यावर ठरलेला. चहा तो करायचा, गावाची निंदा मी. अशा एका संध्याकाळी त्याने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर अंधार, बर्फ आणि एक दिवा. उत्तर जपानातल्या कुठल्याशा खेड्याने आपल्या स्टेशनावर कॅमेरा लावला होता आणि तिथलं दृश्य जगात कोणालाही बघता येत होतं. आपल्या चहाच्या वेळी तिथे रात्र झालेली असते आणि शेवटची गाडी यायची असते. मी सरपंचाचा विषय काढला.

"हळू बोल रे, गाडी येतली आता."

"थंय माझो आवाज जातलो काय मेल्या?"

"जावचो नाय. पण माका गाडी ऐकूची आसा."

गाडी आली. एकच डबा. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. ती गेल्यावरही विनू बघत राहिला आणि माझा चहा निवला.

पुढे त्या स्टेशनाचा सगळा इतिहास मला ऐकावा लागला. तो मी विनूच्या तोंडून ऐकला तसा देतो. सालं मला पडताळता आली नाहीत, म्हणून देत नाही. डोंगरातलं लाकूड खाली आणण्यासाठी ती लाइन घातली होती. तेव्हा तिथे स्टेशनमास्तर होता, हमाल होते, बाजूला वस्ती होती, शाळा होती. लाकडाची वाहतूक थांबली, तरुण माणसं शहरात गेली, शाळा मिटली. मग मास्तरही काढून घेतला. जुनी इमारत पडायला आली तेव्हा ती पाडली आणि तिच्या जागी मालगाडीच्या गार्डचा एक निकामी डबा आणून, चाकं काढून, जमिनीवर ठेवला. तोच आता वेटिंग रूम. तिकीट द्यायला कोणी नाही, घ्यायला कोणी नाही. आपल्या कोकण रेल्वेच्या बारक्यातल्या बारक्या स्टेशनावरही निदान वडापावला गिऱ्हाईक असतं, असं मी म्हणालो, तर विनू म्हणाला, "म्हणान तर मी थंय बघतंय."

त्या डब्यात एक म्हातारी यायची. बर्फ लोटायची, काच पुसायची, बसायच्या उशा झटकायची. उशा तिनेच शिवलेल्या. पगार नाही, नेमणूक नाही. विनू तिला आक्का म्हणायचा. कॅमेऱ्याच्या चित्राखाली निरोप लिहायची सोय होती. विनू मोबाइलकडून मराठीचं जपानी करून घ्यायचा आणि आक्का कधीमधी एका ओळीचं उत्तर द्यायची. "आज बर्फ कमी." "आज उतारू आला." एवढ्यावर विनूचा चेहरा असा खुलायचा, की पन्नास वर्षांत माझ्या एकाही वाक्यावर तो तसा खुललेला मला आठवत नाही. मला हेवा वाटायचा. स्टेशनाचा वाटायचा, आणि त्याहून जास्त आक्काचा.

मग बातमी आली की उतारू नाहीत म्हणून ते स्टेशन बंद करणार. विनूला दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हाच आमच्या देवळाची जत्रा होती आणि जत्रेनंतर लगेच माझं हृदयाचं ऑपरेशन, गोव्याला. जत्रेला देवळाचे मानकरी, म्हणजे गावकर, लोकांच्या अडचणी देवापुढे मांडतात, गाऱ्हाणं घालतात, आणि जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. विनू नारळ घेऊन पुढे गेला. माझ्यासाठीच, अशी माझी पक्की समजूत. बायकोला मी कोपराने खूणसुद्धा केली. विनू गावकरांच्या कानाशी लागला.

"खंयचा स्टेशन म्हणालंस?"

"जपानचा."

गावकरांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा देवाकडे, आणि घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराचा जपान मुलखात एक स्टेशन आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ता बंद करूक जो कोण बसलो आसा, तेका बरी बुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गर्दीत उभं राहून मलाही म्हणावं लागलं. परतताना पाणंदीत मी त्याला अडवलं. "माझां ऑपरेशन इसारलंस काय रे?"

"तुका डॉक्टर आसा, बायको आसा, पोरां आसत. त्या स्टेशनाक कोण आसा?"

उत्तर चोख होतं. म्हणूनच झोंबलं.

ऑपरेशनच्या वेळी तो रोज गोव्याला माझ्याजवळ होता, हे सांगायलाच हवं. आणि संध्याकाळ झाली की माझ्या औषधाच्या बाटलीला मोबाइल टेकवायचा, हेही. मी बरा झालो. तिकडच्या खेड्याने देखभालीचा खर्च स्वतः उचलायचं ठरवलं आणि स्टेशनही वाचलं. देवाला विनूने एकच नारळ फोडला. तो आमच्यापैकी कोणाचा, हे मी विचारलं नाही...

विनू झोपेतच गेला. दिवसकार्य आटोपल्यावर वयनींनी त्याचा मोबाइल माझ्या हातात दिला. "भावजी, आक्काक कळवा. ती वाट बघीत असतली."

त्या संध्याकाळी मी खळ्यात एकटाच बसलो. स्टेशन लावलं. आक्का बर्फ लोटत होती. मग डब्याच्या पायरीवर टेकली आणि बराच वेळ हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. मी लिहिलं, 'विनायक गेला.' मोबाइलने त्याचं जपानी केलं. बोट पाठवायच्या खुणेवर नेलं... आणि सगळं पुसून टाकलं. त्याच्या सगळ्या संध्याकाळी तिने घेतल्या होत्या. त्याचं नसणं तरी काही दिवस माझ्या एकट्याचं असू दे, असं वाटलं.

आत्ता हे लिहितानाही ती बातमी तिला गेलेली नाही. रोज संध्याकाळी मी त्या बाकड्यावर बसतो. वयनी चहा आणून ठेवतात आणि विचारतात, "कळवलात काय?"

"फाल्या कळवतंय, वयनी," मी रोज उद्यावर ढकलतो. "आता जरा हळू. गाडी येतली."